हरकतदार नाना

जुना संगणक तसाच ठेवून त्याचे कॅबिनेट तेवढे बदलावे अशी इच्छा ज्या गृहस्थाला होते, त्याच्या वाट्याला, त्याने मागितलेला असो वा नसो, एक सल्लागार येतोच. आणि आमच्या गिरगावातील चाळीत हे पद, कोणाचाही हुकूम निघालेला नसताना, भूमि अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेल्या नानांकडे केवळ वहिवाटीने आलेले आहे. उभी हयात दुसऱ्यांच्या बांधांवर मोजणीची साखळी ताणण्यात गेल्यामुळे, हरकत निघाली नाही अशी मोजणी खरी मोजणीच नव्हे, हे त्यांचे तत्त्वज्ञान पेन्शनबरोबर कायम झाले, आणि जमिनी संपल्यावर ते पत्र्याच्या पेट्यांना लागू झाले.

दुसऱ्या मजल्यावरच्या श्रीधरने बाजूला काच आणि आत रंगीत दिवे असलेले एक कॅबिनेट मोबाईलवर पसंत केल्याची वार्ता कानी येताच नाना मोजपट्टी घेऊन हजर झाले. "दिव्यांचे मागाहून पाहू. आधी मदरबोर्डचे क्षेत्र सांग," ही त्यांची पहिली पृच्छा, आणि श्रीधर निरुत्तर झाल्याचे पाहून त्यांनी स्वतःच निवाडा दिला, की १९९५ साली इंटेलने घालून दिलेल्या एटीएक्स मापाचा बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४ आणि मिनी-आयटीएक्स अवघा १७० बाय १७०, धाकटा थोरल्याच्या घरात बहुधा सुखाने नांदतो, थोरला मात्र धाकट्याच्या घरात शिरत नाही. नामांकित कंपन्यांनी बांधून दिलेल्या संगणकांविषयी तर नानांचे मत अत्यंत कठोर आहे. "त्यातल्या पुष्कळांचे वीज पुरवणारे एसएमपीएस वेगळ्याच आकाराचे, बटणाच्या वायरीचा जोडही स्वतःचाच. ती इनामी जमीन! तिला आपला कायदा लागू नाही." श्रीधरचा संगणक सुटे भाग आणून जुळवलेला निघाला, तेव्हा प्रकरण दाखल करून घेण्यात आले.

लॅमिंग्टन रोडवरील दुकानात नानांनी जी चौकशी आरंभली, तिच्यापुढे दुकानदाराचे "काका, सगळं फिट होतं, डोळे मिटून घेऊन जा" हे आश्वासन क्षणभरही टिकले नाही. प्रोसेसरवरचा कूलर १५५ मिलिमीटर उंच आणि काचेपर्यंतची जागा १६०, म्हणजे पाच मिलिमीटरांची शिल्लक. ती त्यांनी दोनदा मोजली. ग्राफिक्स कार्डाची लांबी, आतल्या जागेतून पुढच्या पंख्यांची जाडी वजा करून, ताडून पाहिली. डीव्हीडी ड्राइव्हला जागाच नाही, ही हरकत त्यांनी मोठ्या आशेने नोंदवली. परंतु "तो गेली कित्येक वर्षे उघडतच नाही," असे श्रीधरने सांगताच ती खारीज झाली. पुढच्या यूएसबीची एकोणीस पिनांची वायर घ्यायला बोर्डावर तसेच तोंड होते. जसजसे एकेक माप जुळत गेले तसतसा नानांचा चेहरा उतरत गेला, आणि पैसे चुकते होईपर्यंत त्यांची मुद्रा निकाल विरुद्ध गेलेल्या पक्षकारासारखी झाली.

घरी परतल्यावर त्यांनी आपल्या अधिकाराचा एक उत्तम प्रत्यय दिला, हे मान्य केले पाहिजे. जुने कॅबिनेट भंगारवाल्याकडे जायला निघाले होते. त्याच्या पाठीतून, बोर्डाच्या खाचांबरहुकूम कापलेली पत्र्याची पट्टी त्यांनी, मूळ दस्तऐवज रद्दीत जाताना वाचवावा तशा त्वरेने, काढून घेतली. नव्या कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली एक पितळी खुंटी भलत्याच ठिकाणी उभी होती. ती बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट झाली असती, म्हणून तीही त्यांनी अतिक्रमण ठरवून उपटली. बटणाच्या दोन वायरी उलटसुलट चालतात, दिव्याच्या चालत नाहीत, हेही त्यांनी बजावले. तथापि या सर्व किरकोळ तक्रारी होत्या. त्यांत नानांचे मन रमत नव्हते.

आणि मग एसएमपीएस बसवण्याची वेळ आली. जुन्या कॅबिनेटमध्ये तो वरच्या अंगाला असे. नव्यात त्याची जागा तळाशी. प्रोसेसरला वीज देणारी जाड वायर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्याकडे ओढली, तर ती बरोबर चार बोटे अलीकडे थांबली. श्रीधरने कपाळाला हात लावला. नाना मात्र दिवसभरात प्रथमच खुर्चीत ऐसपैस टेकून बसले, मोजपट्टी लावून ती चार बोटे त्यांनी सेंटिमीटरमध्ये वाचून दाखवली, आणि आतल्या खोलीकडे वळून म्हणाले, "वहिनी, अर्धा कप चहा चालेल आता. अरे श्रीधर, घाबरतोस काय? ही वायर वाढवायला जोडवायर मिळते. उद्या पुन्हा लॅमिंग्टन रोड. पण तिची लांबी मी मोजल्याशिवाय पैसे देऊ नकोस!"