गाडी गॅरेजला टाकणाऱ्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका पुण्यातल्या नवशिक्या दुचाकीधारकांसाठी आहे. नवशिका म्हणजे ज्याला गाडी चालवता येत नाही तो नव्हे. "संध्याकाळी सातला घेऊन जा" असं गॅरेजवाल्याने सांगितल्यावर जो खरोखरच संध्याकाळी सातला हजर होतो, तो नवशिका. सरावलेला माणूस सातला फोन करतो. त्याहून मुरलेला माणूस फोनही करत नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना तो गॅरेजवरून चक्कर मारतो आणि आपली गाडी आतल्या बाजूला आहे की बाहेर फुटपाथवर, एवढंच बघतो. बाहेर असेल तर आशा आहे. आत असेल आणि तिच्या सीटवर दुसऱ्या गाडीचा सायलेन्सर ठेवलेला असेल, तर त्या आठवड्याचे बेत नव्याने आखावेत.

लागणारं साहित्य

घरात दुसरी गाडी. नसल्यास जिच्याकडून गाडी मागता येईल अशी मावसबहीण. पीएमपीच्या बसमार्गांची जुजबी माहिती. गॅरेजवाल्याचा मोबाइल नंबर, आणि गॅरेजशेजारच्या चहावाल्याचा मोबाइल नंबर. पहिला नंबर उचलला जात नाही. दुसरा उचलला जातो, आणि "ती निळी गाडी? इंजिन अजून खालीच आहे" ही माहिती जागेवरून न उठता मिळते.

मुहूर्त

गाडी बिघडण्याची वेळ आपल्या हातात नसते. टाकण्याची पुष्कळदा असते. जून टाळा. पहिला मोठा पाऊस झाला की प्लगच्या कॅपमध्ये पाणी, कार्बोरेटरमध्ये पाणी, ब्रेक ओले, आणि अख्खं शहर एकाच सकाळी गाडी ढकलत गॅरेजकडे निघतं. त्याच सुमारास पालख्या येतात. पुण्यात दुचाकीचे सुटे भाग म्हटले की नाना पेठ, आणि तुकोबांच्या पालखीचा मुक्काम नाना पेठेतच, निवडुंग्या विठोबाच्या देवळात. माउलींची पालखी शेजारी भवानी पेठेत. दोन मुक्काम त्या भागात चालायला जागा नसते, तिथे तुमचा पिस्टन कोण आणणार? "पालखी आहे साहेब" या कारणावर शंका घेऊ नका. दिरंगाईच्या सगळ्या कारणांत हे एकच असं आहे की ते ऐकून गिऱ्हाईक हात जोडतं.

गणपतीच्या आधी गॅरेजमधली पोरं ढोल-ताशा पथकांच्या सरावाला जातात. सराव संध्याकाळी असतो, आणि गॅरेजचं खरं काम संध्याकाळीच होत असतं. मग नवरात्र. खंडेनवमीला पाने, पकडी, हातोडे पुसून पूजेला मांडतात. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं. त्याच्या आदल्या आठवड्यात गाड्या दुरुस्त होत नाहीत, धुतल्या जातात, कारण दसऱ्याला झेंडूचा हार बंद गाडीलाही शोभतो, मळक्या गाडीला शोभत नाही. दिवाळीला दुकान बंद. मार्चनंतर पोरं लग्नसराईला गावी.

राहता राहिला फेब्रुवारी. त्याला दिवस कमी असतात.

खोलण्याआधी

इथे लक्ष द्या, कारण पुढचा सगळा त्रास या दहा मिनिटांत ठरतो. गाडी टाकल्यावर गॅरेजवाला पहिलं काम करतो ते म्हणजे ती खोलतो. टाकी उतरवतो, हेड काढतो, नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकतो. नवशिक्याला भरून येतं: किती तातडीने काम सुरू झालं! प्रत्यक्षात काम सुरू झालेलं नसतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसं तुमचं हेड बाजूला काढून त्याने तुम्हाला धरलेलं असतं. चालू गाडी पुढच्या चौकातल्या गॅरेजला जाऊ शकते. खोललेली गाडी कुठेच जाऊ शकत नाही.

यात लबाडी आहे असं मला वाटत नाही. एक मेकॅनिक, दोन पोरं आणि आठ गाड्या अशा हिशेबात कोणालाही "नाही" म्हटलं की ते गिऱ्हाईक कायमचं जातं. म्हणून तो सगळ्यांना "हो" म्हणतो, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याची गाडी हातात घेतो. शिवाय दिवसभर पाच मिनिटांच्या कामांची रीघ असते. क्लच वायर तुटली, ब्रेक घट्ट करून द्या, प्लग साफ करा, चेन आवळा. ही कामं रोख पैसे देतात आणि समोर उभी राहतात. इंजिनचं काम उधारीवर असतं आणि गप्प असतं. तुमच्या गाडीच्या आधी जी कामं होतात ती अशी पाच-पाच मिनिटांची. एरवी चेन आवळून घ्यायला आपणही असेच मध्ये घुसत असतो, हे त्या क्षणी कोणाला आठवत नाही.

तेव्हा पाना लागण्याआधी विचारा: दादा, पार्ट कोणता लागेल? तो दुकानात आहे का? ब्लॉक बोअरला कुठे देणार? आणि मोठं काम करणारा पोरगा या आठवड्यात आहे ना? चौथा प्रश्न मूर्खपणाचा वाटतो, पण सर्वात जास्त गाड्या त्यावरच अडतात. उत्तरं डळमळीत आली तर म्हणा, "पार्ट हातात आला की सांगा, मी गाडी घेऊन येतो." गाडी नुसती ऑइल खात असेल, निळसर धूर सोडत असेल, तर दर दोन-तीन दिवसांनी डिपस्टिक पुसून पातळी बघत आणि कमी पडेल तेवढं ऑइल घालत ती आणखी काही दिवस चालते. शेजारी नाराज होतील. मात्र खालून ठोका येत असेल तर चालवू नका. ते बेअरिंगचं दुखणं असतं आणि रस्त्यात गाडी जाम होते. त्या वेळी रुमाल पडलाच म्हणून समजा.

ब्लॉकचा प्रवास

"काय साहेब, एका पिस्टनला एवढे दिवस?" हा प्रश्न गॅरेजवाला विचारत नाही, तुम्ही विचारता. त्याचं उत्तर त्याला माहीत असतं. तो सांगत नाही, कारण ते ऐकायला कोणी उभं राहत नाही. तुम्ही राहा.

इंजिन उतरवल्यावर ब्लॉक, म्हणजे ज्यात पिस्टन वर-खाली होतो तो सिलिंडर, बोअरिंगवाल्याकडे जातो. तो वेगळा माणूस, वेगळं दुकान. तो आतून माप घेतो आणि किती झिजलाय ते सांगतो. पिस्टन स्टँडर्ड मापाच्या पुढे पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात: ०.२५, ०.५०, ०.७५, १.००. गॅरेजच्या भाषेत पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर, शंभर. पंचवीसने भागेल असं बोअरिंगवाला म्हणाला की नाना पेठेत पंचवीसचा पिस्टन शोधायचा. तो आणेपर्यंत बोअरिंगवाला ब्लॉकला हात लावत नाही, आणि ते बरोबरच आहे: आधी बोअर करून मग पिस्टन आणला तर दोघांमधली फट जमेलच याची खात्री नाही. पिस्टन बघून, त्याचं माप घेऊन मगच कापायचं. नाना पेठेत पंचवीस नाही मिळाला, पन्नास मिळाला, तर आता प्रश्न तुमच्यासमोर येतो. थेट पन्नासला जायचं की थांबायचं? पन्नासला गेलात तर एक बोअर फुकट गेला. पुढच्या वेळी ब्लॉकला तेवढं आयुष्य कमी. थांबलात तर थांबलात.

पिस्टन आला. गुरुवार निघाला. पिंपरी-भोसरी पट्ट्यात आठवडी सुट्टी गुरुवारची, आणि पुण्यातही वीजवाहिन्यांची दुरुस्ती बहुतेक गुरुवारीच निघते. वीज नाही तर मशीन नाही. शुक्रवारी बोअर, मग होनिंग, म्हणजे आतल्या भिंतीवर बारीक आडव्या-तिरप्या रेघा पाडणं, जेणेकरून त्यांत ऑइल धरून राहील. ही पायरी घाईत उरकली की गाडी महिनाभरात पुन्हा ऑइल खाते आणि तुम्ही पुन्हा ही मार्गदर्शिका उघडता. ब्लॉक परत आला की पॅकिंग किट आठवतं. ते आणलेलं नसतं. पुन्हा नाना पेठ.

पिस्टन बोटभर उंचीचा असेल. त्याच्यापायी तीन दुकानं, दोन पेठा आणि एक वार अडकलेले असतात, आणि यांपैकी एकही गॅरेजवाल्याच्या मालकीचा नाही. यात तुम्हाला उचलता येईल असा एकच तुकडा आहे: नाना पेठ. जुना पिस्टन किंवा निदान त्याचा नंबर घेऊन स्वतः जा, हवं ते माप, रिंगा, पॅकिंग किट आणि गजन पिनची क्लिप एकदमच आणा. क्लिप विसरू नका. पावलीच्या किमतीची ती क्लिप अख्खा दिवस खाते. गॅरेजवाल्याला आधी विचारा मात्र. पार्टवरचे चार पैसे त्याचे असतात, ते बुडवले तर मजुरीत दिसतील.

काही नव्या गाड्यांच्या सिलिंडरला आतून निकेलचा कठीण मुलामा असतो. तो बोअर होत नाही, अख्खं किट बदलावं लागतं. महाग पडतं, पण लवकर होतं. आणि ज्यांच्याकडे आरएक्स शंभर आहे, जिचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, त्यांनी हे वाचायची गरज नाही. ते नवशिके नाहीत. ओरिजिनल पार्टसाठी ते वर्षानुवर्षं थांबतात आणि आनंदात असतात.

नव्या गाड्यांची वेगळीच अडचण. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झालं, बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. पूर्वी मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून रोग सांगायचा. आता डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि त्याचा कोड वाचायला स्कॅनर लागतो. छोट्या गॅरेजमध्ये तो नसतो. स्कॅनरवाला बोलवावा लागतो. तो "निघालोय" म्हणतो.

हजेरी

फोनचा उपयोग नाही, तर मग कशाचा? बसण्याचा. गॅरेजसमोर एक प्लॅस्टिकचं स्टूल असतं. त्यावर जो बसतो त्याची गाडी होते. बोलू नका, घड्याळ बघू नका, "झालं का?" म्हणू नका. पेपर वाचा. दर अर्ध्या तासाने सगळ्यांना चहा सांगा, पोरांसकट. खाली पडलेली रिंग उचलून द्यायची संधी मिळाली तर सोडू नका. तासाभराने तुमच्या असण्याचं ओझं होऊ लागतं आणि गॅरेजवाला पोराला हाक मारतो, "अरे, काकांची गाडी घे रे आधी." तुमचं वय अठ्ठावीस असलं तरी या क्षणी काका व्हायला हरकत घेऊ नका.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरात स्टूल नसतं, सोफा असतो, आणि काचेपलीकडे काय चाललंय ते दिसत नाही. तिथे बसून काही होत नाही. तिथे जॉबकार्डाची प्रत घ्या, त्यावर कामाची यादी, अंदाजे खर्च आणि देण्याची तारीख लिहिलेली आहे ना ते बघा, आणि घरी जा.

संताप

करू नका. निदान गाडी खोललेली असताना करू नका. कायदा तुमच्या बाजूने आहे: ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे घेऊन दिलेल्या सेवेतली त्रुटी ही तक्रारीची बाब आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे आणि जिल्हा आयोगात वकिलाशिवायही जाता येतं. सर्व्हिस सेंटरशी भांडताना याचा उपयोग होतो, कारण तिथे जॉबकार्ड असतं. चौकातल्या गॅरेजचा कागद म्हणजे ऑइल कंपनीच्या कॅलेंडरवर पेन्सिलने लिहिलेला तुमच्या गाडीचा नंबर. म्हणून गाडी टाकतानाच व्हॉट्सॲपवर साध्या मराठीत एक मेसेज टाका: गाडी नंबर, काम, सांगितलेली रक्कम, सांगितलेला वार, किलोमीटरचा आकडा आणि टाकीतल्या पेट्रोलच्या काट्याचा फोटो. शेवटच्या फोटोमुळे ट्रायल पेठेपुरतीच राहते, लोणावळ्यापर्यंत जात नाही.

गाडी मिळाल्यावर

पैसे देण्याआधी गाडी स्वतः चालू करा, गरम होऊ द्या, एक फेरी मारा. जुना पिस्टन आणि रिंगा मागून घ्या; ठेवायला नव्हे, बदलल्याची खात्री म्हणून. बोअरचं काम झालं असेल तर पहिले पाचशे किलोमीटर गाडी ताणू नका, चढावर डबल सीट नको, एकाच वेगाने फार वेळ नको. पाचशे झाले की ऑइल बदलायचं, कारण नव्या रिंगा बसताना निघालेला धातूचा चुरा त्यात असतो.

हे काम पंधरा-वीस मिनिटांचं आहे. तेव्हा गाडी टाकू नका, उभं राहून करून घ्या. ऑइल निथळत असताना गॅरेजवाला चेनला हात लावून म्हणेल, "चेन किट पण गेलंय साहेब, खोलू का?" उत्तर देण्याआधी त्याला पार्ट दुकानात आहे का ते विचारा, आणि ते ऐकेपर्यंत किल्ली खिशातून काढू नका.