सात नावांचा कागद

मुलाखतीला आलेल्या मुलांना आम्ही एक कागद द्यायचो. त्यावर एक ते शंभर आकडे छापलेले असत आणि प्रत्येक आकड्यापुढे एक रेघ. ओळखीच्या शंभर माणसांची नावं लिहायची, वेळ वीस मिनिटं. विम्याच्या धंद्यात ह्याला ‘नॅचरल मार्केट’ म्हणतात. मामा, मावशी, शाळेतले सर, घरमालक, गल्लीतला किराणावाला, क्लासमधले मित्र. हुशार मुलं पंधरा मिनिटांत कागद भरून देत आणि मागच्या बाजूला अजून लिहू का, म्हणून विचारत.

रामबागेतल्या एका मुलाने सात नावं लिहून कागद परत केला.

इंदूरला विजय नगरच्या चौकातून एबी रोडला लागलं की काचेच्या इमारती सुरू होतात. त्यातल्या एकीत, एका मोठ्या आरोग्य विमा कंपनीच्या शाखेत मी बरीच वर्षं काढली आणि शेवटची काही वर्षं मुलाखती घेणाऱ्यांत बसलो. सकाळी देवास, महू, खरगोन, सनावदकडची मुलं सरवटे बस स्थानकावर उतरत, वाटेत पोहे खात आणि दहाच्या आत आमच्या जिन्यात उभी राहत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये गुणपत्रिका, आणि दहातल्या एकाच्या तरी बाहीवर पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याचा पिवळट डाग. तो डाग लपवायला हात छातीशी धरून बसलेली मुलं मला अजून आठवतात.

तर त्या मुलाला माझ्या शेजारच्या साहेबांनी विचारलं, बस सात? एवढ्या मोठ्या शहरात जन्म काढला आणि सातच माणसं ओळखीची? तो म्हणाला, “सर, ये सात लोग मुझे ना बोल सकते हैं. बाकी लिहाज में ले लेंगे.”

साहेब हसले. मीही हसलो. त्याच्या अर्जावर ‘नेटवर्क नाही’ असा शेरा माझ्याच अक्षरात आहे.

मूर्खांची स्तुती म्हटलं की वाचणारा आधी टोमणा शोधतो. इथे टोमणा नाही. त्या जिन्यात उभ्या राहिलेल्या शेकडो मुलांपैकी जी मुलाखतीच्या बाजारात मूर्ख ठरली, त्यांची मला मनापासून स्तुती करायची आहे. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणं एका समासात सांगितली आणि पढतमूर्खांसाठी वेगळा समास खर्च केला. आमच्या मुलाखतींतून निवडून गेलेल्यांत ह्या वेगळ्या समासातले पुष्कळ होते. पहिल्यातले म्हणून आम्ही ज्यांना घरी पाठवलं ते त्या समासात बसतच नव्हते, हे कळायला मला फार उशीर झाला.

लिहाज म्हणजे आपली भीड. भीड भिकेची बहीण, असं आपण म्हणतो, पण विम्याच्या विक्रीत भीड हेच पहिलं भांडवल. नवा मुलगा शंभर घरी जातो. पंधरा-वीस जण त्याच्या तोंडाकडे बघून पॉलिसी घेतात, फॉर्म न वाचता सह्या करतात. मी पाहिलेल्या बहुतेक मुलांची नावं तीन-चार महिन्यांत संपली, मग टार्गेट चुकलं, मग मुलगा गेला. पॉलिसी मात्र मावशीच्या कपाटात राहिली. क्लेमची वेळ आली तेव्हा मावशीने भाच्याला फोन केला आणि भाचा तोपर्यंत मोबाइलच्या दुकानात लागला होता. त्या घरात दिवाळीला जाणं-येणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. रामबागेतल्या मुलाला हे बाविसाव्या वर्षी, कोऱ्या रेघांकडे बघता बघता समजलं होतं.

मुलाखतीला आलेली मुलं बहुतेक पढवून आलेली असत. भंवरकुआँच्या क्लासांमध्ये गणित, इंग्रजी शिकवतात, तशी मुलाखतीची उत्तरंही शिकवतात. तुमचा एक अवगुण सांगा, म्हटलं की उत्तर ठरलेलं: मी कामात फार काटेकोर आहे. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, म्हटलं की ह्याच कंपनीत, मोठ्या खुर्चीवर. आणि बायोडाटात दोन-तीन वर्षांचं भगदाड असलं की ‘फॅमिली बिझनेस’. त्या भगदाडात काय असायचं हे आम्हा इंदूरकरांना विचारायची गरज नाही. राज्य लोकसेवा आयोगाचं मुख्यालय ह्याच शहरात आहे, आणि त्याच्या परीक्षांमागे मुलांची वर्षंच्या वर्षं ह्याच शहरातल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये जातात. सनावदचा एक मुलगा मात्र सरळ म्हणाला, तीन वेळा परीक्षा दिली, झाली नाही, बाबा आता पैसे पाठवत नाहीत. अवगुण विचारला तर म्हणाला, कुणी नाही म्हटलं की मला रात्री झोप लागत नाही. विक्रीच्या नोकरीला आलेला मुलगा हे सांगतो! आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि पुढचा उमेदवार बोलावला.

आज वाटतं, त्या खोलीत विम्याचा मूळ नियम पाळणारा तो एकटाच होता. विम्याचा करार साध्या खरेदी-विक्रीसारखा नसतो. बाजारात घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यायचं. विम्यात एकाला जे माहीत आहे ते दुसऱ्याला दिसूच शकत नाही, म्हणून जे माहीत आहे ते न विचारताही सांगायचं. ह्याला परमोच्च सद्भावाचं तत्त्व म्हणतात. १७६६ साली लंडनच्या न्यायालयात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी एका खटल्यात ते मांडलं. सुमात्रा बेटावरचा एक इंग्रजी किल्ला फ्रेंचांनी घेतला होता, आणि किल्ल्याच्या गव्हर्नरने उतरवलेल्या विम्याचे पैसे द्यायला विमेकरी तयार नव्हता. गव्हर्नरने किल्ल्याचा कमकुवतपणा लपवला, हे त्याचं म्हणणं. पैसे अखेर गव्हर्नरला मिळाले. त्याच निकालात न्यायमूर्तींनी हेही सांगून ठेवलं की हे बंधन दोघांवर आहे, विमेकऱ्याने काही लपवलं तर करार त्याच्यावरही उलटतो. हे दुसरं वाक्य आमच्या प्रशिक्षणात मी कधी ऐकलं नाही. पहिलं मात्र रोज ऐकलं: ग्राहकाने मधुमेह लपवला, रक्तदाब लपवला, क्लेम नाकारा. पाच टेबलं पलीकडे, मुलाखतीच्या खोलीत, स्वतःची तीन वर्षं लपवणाऱ्या मुलाला आम्ही ‘स्मार्ट’ म्हणून घेत होतो आणि तोच मुलगा पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकाला म्हणणार होता, काकू, बीपीचं कशाला लिहिता, हप्ता वाढेल.

क्लेम विभागाच्या मुलाखती वेगळ्या. तिथे बहुतेक होमिओपॅथी किंवा आयुर्वेदाची पदवी घेतलेले डॉक्टर येतात. दवाखाना थाटायला पैसा नसतो, रात्रपाळीची रुग्णालयातली नोकरी अंगावर येते, म्हणून ते कागदांवरचे रुग्ण तपासायला तयार होतात. एकदा खंडव्याची एक मुलगी आली होती. तिला सरावाची फाइल दिली: पन्नाशीचा माणूस, डेंग्यूसाठी पाच दिवस दाखल, केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलेलं की चार वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू, आणि पॉलिसी घेताना भरलेल्या प्रस्तावात रक्तदाबाचा उल्लेख नाही. काय कराल? अपेक्षित उत्तर एका शब्दाचं होतं. तिने फाइल पहिल्या पानापासून वाचायला घेतली. प्लेटलेटचे आकडे बोटाने खाली खाली तपासत गेली. अकरा मिनिटं लागली, हे ठाऊक आहे, कारण माझं लक्ष घड्याळाकडे होतं. मग तिने विचारलं, ह्या माणसाला डेंग्यू रक्तदाबामुळे झाला का? नाही ना? मग प्रस्ताव भरून घेणाऱ्याने त्याला विचारलं होतं का, ते कुठे लिहिलंय?

हा प्रश्न वेडगळ नव्हता, हे मी नंतर निकाल वाचून समजून घेतलं. २००९ साली मेडिक्लेमच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली होती. तिथे लपवलेला आजार मधुमेह आणि मूत्रपिंडाचा होता. २०१५ साली आयुर्विम्याच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने कुटुंबाला पैसे द्यायला लावले. तिथे सांगितलेला नव्हता तो कंबरेचा आजार आणि माणूस गेला होता हृदयविकाराने. ज्याचा संबंध नाही त्याच्या जोरावर विधवेला परत पाठवायचं नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. खंडव्याच्या मुलीने कुठलाही निकाल वाचलेला नव्हता. ती फक्त डॉक्टर होती. ‘निर्णय घ्यायला वेळ लावते’ म्हणून तिला आम्ही घेतलं नाही. दिवसाला इतक्या फाइली उरकायच्या, हा हिशेब तिच्या त्या अकरा मिनिटांत बसत नव्हता, हे खरंच आहे. पण प्रत्येक फाइलच्या पाठीमागे कुणीतरी पाच दिवस सलाइनखाली पडलेलं असतं, आणि त्याला अकरा मिनिटं देणारी व्यक्ती आमच्या दारात आपणहून चालत आली होती.

आणखी एक मुलगा. हा तर मुलाखतीआधी आमच्याच पॉलिसीची सगळी पानं वाचून आला होता, पेन्सिलीने खुणा करून. प्रश्न विचारायचे असतील तर विचारा, असं शेवटी रीत म्हणून म्हणतात. त्यावर “नाही सर, सगळं क्लिअर आहे” म्हणायचं असतं. ह्याने पान उघडलं. खोलीभाड्याची मर्यादा विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे तीन लाखांच्या पॉलिसीला दिवसाला तीन हजार. पेशंटने सहा हजारांची खोली घेतली तर? वरचे तीन हजार त्याने भरायचे, एवढंच गिऱ्हाइकाला वाटतं. तसं नसतं. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग ह्यांचेही पैसे त्याच प्रमाणात, म्हणजे अर्धेच मिळतात. त्यांचं बिल ऐंशी हजार झालं तर चाळीस खिशातून. औषधं आणि तपासण्या ह्या कात्रीतून वाचतात, हेही त्याला ठाऊक होतं. त्याने विचारलं, “सर, हे मी विकतानाच सांगायचं ना?”

खोलीत कुणी बोललं नाही. एसीचा आवाज ऐकू येत होता. मग साहेब म्हणाले, तुम्ही शिक्षक का होत नाही?

ह्या मुलांना मूर्ख म्हणून हसल्यावाचून कुणीच सोडलं नाही, आणि तरी ती पुढच्या जिन्यात पुन्हा तशीच उभी राहिली. हे मला सगळ्यात मोठं वाटतं. खोटं उत्तर द्यायला फार अक्कल लागत नाही. क्लासवाला पाचशे रुपयांत शिकवतो. नोकरीची गरज घरात दबा धरून बसलेली असताना, समोर टाय लावलेली तीन माणसं असताना, खरं ते बोलायचं, ह्याला जे लागतं ते मला त्या खुर्चीत बसून साधलं नाही. तिथे बसून मी एकदाही म्हटलं नाही की ह्याला घेऊ या. साहेबांनी ऐकलं असतंच असं नाही. पण म्हणायला हवं होतं.

नियम तेवढे पुढे बदलले. २०२४ साली विमा नियामक प्राधिकरणाने जुन्या आजारासाठी वाट बघायला लावायची मुदत चारवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू ठेवली की माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. पण नियम कागदावर आले म्हणजे एखाद्या आजीपर्यंत पोहोचतातच असं नाही. ते कुणीतरी तिच्या भाषेत तिला सांगावे लागतात.

मी निवृत्त झालो. गेल्या पावसाळ्यात बायकोच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी गीता भवनजवळच्या एका रुग्णालयात होतो. तळमजल्यावर विम्याची खिडकी असते, तिथे नंबर घेऊन बसलो. खिडकीपलीकडे रामबागेतला तो मुलगा होता. अंगाने भरलेला, चष्मा लागलेला. मी ओळखलं, त्याने मला ओळखलं नाही. त्याच्या समोर नऊवारीतली एक आजी, हातात सराफ्यातल्या कुठल्याशा दुकानाची पिशवी.

“कुठल्या गोळ्या चालू आहेत, आजी?”

आजी पुढे वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, “बीपीची आहे रे. पण ती लिहू नकोस बाळा. तो पॉलिसीवाला म्हणाला होता, कुठे बोलायचं नाही, पैसे अडकतात.”

“आपण लिहू या. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलंच आहे. पावत्या आणल्यात का मागच्या?”

तिने पिशवी उलटी केली. देवाचा अंगारा, डोळ्यांचे थेंब, नातवाचा फोटो, आणि रबरबँडमध्ये गुंडाळलेल्या पावत्या. त्याने रबर काढलं, पावत्या हाताने सपाट केल्या आणि तारखा बघत टेबलावर ओळीने मांडायला लागला. एका जागी थांबला, दोन पावत्यांची अदलाबदल केली, पुन्हा मोजल्या.

“मध्ये एकही वर्ष चुकलं नाही की तुमचं,” तो म्हणाला. “सहा झाली.” आणि पेनाचं टोपण काढून त्याने गोळीचं नाव लिहिलं, मोठ्या अक्षरात, आजीला वाचता येईल असं.

माझा नंबर पुकारला गेला. मी उठलो नाही, तिचं होऊ दिलं.