इंजिन बसवणारे दाजी

आमच्याकडं नवी मोटारसायकल दारात आली की तीन गोष्टी ठरलेल्या. नारळ फुटतो, पुढच्या चाकाखाली लिंबू चिरडतं आणि दाजी येतात. पहिल्या दोन गोष्टी पाच मिनिटांत उरकतात.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. पण हा माणूस नात्यातलाच असायला हवा असं नाही. नांदेडच्या गल्ल्यांत आणि लातूरच्या कॉलन्यांत तो कुणाचा मामा असतो, कुणाचा तात्या. त्याचा हात लागल्याशिवाय नव्या गाडीचं इंजिन 'बसत' नाही, अशी त्याची खात्री असते आणि आजूबाजूच्यांना ती मान्य करावी लागते. माझ्या वाट्याला तो सख्खा दाजी म्हणूनच आला. लातूरचा.

गाडी दसऱ्याला घेतली. आमच्या भागात गाड्या मुहूर्तावर निघतात असं म्हणायची पद्धत आहे. निघतात त्या सोयाबीनवर. मोंढ्यात कट्टे उतरले की शोरूमपुढं झेंडूचे हार दिसायला लागतात. दाजी दुसऱ्याच दिवशी पहिल्या एसटीनं नांदेडला आले. चहाचा कप हातात घेऊनच त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, जनावराचे दात बघावेत तसं टाकीचं झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाले, "रंग लाल घेतलास व्हय? मग ही लाल कंधारी."

लाल कंधारी ही आमच्या कंधारकडची गुरांची जात, देवणी ही त्यांच्या लातूर जिल्ह्यातली. दाजींचं सगळं मेकॅनिकल ज्ञान या दोन जातींवर उभं आहे. "गोऱ्ह्याला कुणी पहिल्याच दिवशी नांगराला धरतंय का? आधी नुसतं जू, मग कुळव, मग नांगर. हजार किलोमीटर हिला चाळीसच्या वर न्यायचं नाही. इंजिन बसायचंय आजूक."

दाजींचं सगळंच चूक असतं तर बरं झालं असतं. पंचाईत अशी की अर्धं बरोबर असतं. नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच मुद्दाम बारीक तिरप्या रेघा मारलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्या रेघांवर घासत घासत आपापली जागा करून घेतात. त्या घासण्यात धातूचा बारीक चुरा तेलात उतरतो, म्हणून पहिल्या सर्व्हिसिंगलाच तेल बदलतात. जात्याला टाकी लावून घेतली की आजी पहिला घाणा माणसांना खाऊ घालत नसे, पिठात कच यायची. तसंच हे. इथपर्यंत दाजी आणि कंपनी यांचं एकमत आहे.

पुढं फाटे फुटतात. कंपनीचं पुस्तक म्हणतं, वेग कमीजास्त करत राहा, एकाच वेगानं तासभर चालवू नका; वरच्या गेअरमध्ये गाडी रडतखडत ओढू नका. दाजींचा काटा मात्र चाळीसवर खिळलेला. वर रोज सकाळी गाडी स्टँडवर लावून पंधरा मिनिटं नुसती चालू ठेवायची, 'तेल सगळीकडं पोचावं' म्हणून. प्रत्यक्षात नवं इंजिन असं रिकामं चालवत ठेवलं, तर भिंतीला गुळगुळीत मुलामा चढतो, रिंगा नीट बसत नाहीत आणि मग गाडी तेल प्यायला लागते. मी त्यांना पुस्तकातलं पान वाचून दाखवलं. ते म्हणाले, "लिहिणाऱ्यानं लोह्याचा घाट बघितलाय का?" लातूरच्या वाटेवरच्या लोहा गावाला घाट कुठला, हे मी विचारलं नाही. दाजींचं शिक्षण आधी राजदूतवर झालेलं, पेट्रोलमध्ये ऑइल ओतायच्या काळात. नंतर १९८५ साली आलेल्या हिरो होंडाच्या सीडी हंड्रेडवर. त्या कंपनीनं २०११ साली नावातून होंडा काढून टाकलं, पण दाजी अजूनही कुठल्याही मोटारसायकलीला हिरो होंडाच म्हणतात.

"एक लांबचा फेरा झाल्याबिगर इंजिन मोकळं होत नसतंय," असं म्हणून त्यांनी लातूरचा बेत काढला. परतीचं एसटीभाडं वाचत होतं हा भाग वेगळा. रस्ता दीडशे किलोमीटरच्या आतला. सकाळी सातला नांदेड सोडलं. मी पुढं, मागं दाजी, आणि सीटवर शोरूममधलं प्लास्टिक तसंच. "काढू नको, नवेपणा जातो." एसटी पुढं गेली, त्याचं काही वाटलं नाही. सोयाबीननं भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली पुढं गेली, तेही गिळलं. सोनखेडच्या अलीकडं दुधाच्या दोन कॅनी लावलेली लुना आम्हाला ओलांडून गेली आणि वरचा म्हातारा मागं वळून म्हणाला, "पेट्रोल संपलंय का?"

लोह्याला इंजिनाला विश्रांती. दाजींनी आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा इंजिनावर हात ठेवला, चटकन काढला आणि "ताप हाय" म्हणून चहा सांगितला. पुढं माळेगाव. इथल्या खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षात घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आम्ही गेलो तेव्हा माळ रिकामा होता, तरी दाजींनी नवं घोडं कसं फिरवून आणतात हे सांगण्यात अर्धा तास घालवला. मग अहमदपूर. मग शिरूर ताजबंद. मग चाकूर. प्रत्येक ठिकाणी इंजिन बंद, दोन चहा, आणि दाजी स्टँडवर लावलेल्या गाडीच्या सीटवर आडवे बसलेले. दाजींचं वजन त्यांनी कधी सांगितलं नाही. काट्यावर उभे राहिले की शर्ट वर केला तरी पोटामुळं त्यांना आकडा दिसत नाही. इंजिनाला पाच ठिकाणी विसावा मिळाला. सीटला एकाही ठिकाणी मिळाला नाही.

दुपारी तीनला लातूर. अक्कानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, गाडीकडं बाजूनं बघितलं आणि म्हणाली, "इंजिन बसलं का न्हाई मला कळत न्हाई. सीट बसली की रं तुझी."

बसलीच होती. मागच्या अर्ध्यात उखळासारखा खळगा. फोम एकदा दबला की उठत नाही. दाजींच्या स्वतःच्या गाडीची सीट तर अशी झालीय की दुसरा कुणी बसला तर घसरून दाजींच्याच जागेवर जातो. बैलाच्या खांद्याला जुवाचा घट्टा पडावा तसा तिला दाजींचा घट्टा पडलाय.

"त्यात काय, कव्हर टाकू," म्हणून दाजी मला गंजगोलाईकडं घेऊन गेले. सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात, तिथल्या एका गल्लीतल्या कुशनवाल्याला त्यांनी बरोबर गाठलं. त्यानं प्लास्टिकवरच थोडा फोम, फोमवर रेक्झिन, कडेनं पांढरी शिवण, खाली स्टेपलरच्या पिना असं सगळं तासाभरात ठोकून दिलं. उन्हाळ्यात बेचाळीस डिग्रीत ते रेक्झिन तव्यासारखं तापलं, म्हणून वर गोणपाट आलं. जूनमध्ये शिवणीच्या भोकांतून पाणी आत गेलं. खालच्या प्लास्टिकमुळं ते बाहेर यायचं नाव घेईना. मी बसलो की मात्र लगेच बाहेर यायचं. त्या पावसाळ्यात मी कचेरीत पोचलो की आधी पंख्याखाली पाठमोरा उभा राहायचो. शिपाई काही विचारायचा नाही, पंखा वाढवायचा.

गाडी आता तीस हजार किलोमीटर चाललीय. धूर नाही, आवाज नाही, तेल खात नाही. श्रेय अर्थातच दाजींचं. शेजारच्या पोरानं त्याच दसऱ्याला हीच गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी नव्वदनं पळवली. तिलाही धूर नाही. हे मी दाजींना सांगितलं. ते म्हणाले, "निघंल. कामून घाई करायलास?"

तर दिवाळीला कुणी गाडी घेणार असाल, तर दाजी मोकळे आहेत. पैसे घेत नाहीत, पाच चहा लागतात. सीट तेवढी काढून घरी ठेवता आली तर बघा.