लळिंगचा चढ आणि मडगार्ड

पावसाला ‘खराब हवामान’ म्हणण्याची पद्धत धुळ्यातल्या आमच्या देवपुरात नुकतीच आली, गिअरच्या सायकलींबरोबर. धुळं पडलं पर्जन्यछायेत. इथे ढग दिसला तरी माणूस छत्री शोधत नाही, पेरणीचं बघतो. खराब हवामान म्हणजे मे महिना. पण मे महिन्यात हे सायकलवीर एसीत असतात.

रविवारी पहाटे रिमझिम लागली की पांझरेचा पूल ओलांडून मंडळी लळिंगच्या किल्ल्याकडे निघतात. अंतर 10 किलोमीटर. हेल्मेट, हातमोजे, मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ. सायकलीला मडगार्ड तेवढं नाही. वजन वाढतं म्हणे! किल्ल्याच्या पायथ्याशी डांबर सोडून कच्च्या वाटेला लागलं की काळी माती टायरला थापली जाते, चाक फ्रेममध्ये अडकतं आणि पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा पट्टा उमटतो. मग सायकल खांद्यावर. तिचं वजन कमी का हवं, ते तेव्हा कळतं.

समोरून गोणपाटाची खोळ घेतलेला दूधवाला येतो. जुनी काळी सायकल, दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या, गिअर शून्य. तो थांबून विचारतो, “मडगार्ड कोठे शे, भाऊ?”

त्याच्या सायकलीला दोन आहेत.