आठ फुटांचं राज्य

गप्पी, मॉली आणि गोल्डफिश यांच्या संगतीत दिवस सुखाचे चाललेले असतात. मग कधीतरी डोक्यात अरोवानासारखा शिकारी मासा शिरतो आणि घरातला सोफा जातो. ठाण्याच्या आमच्या एका स्नेह्यांनी सोफ्याच्या जागी ८ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट उंच टँक बसवला. पाणी सुमारे २,००० लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन २ टन. तळमजल्यावर राहण्याचा अभिमान बाळगणारा एवढा एकच मनुष्य मी पाहिला आहे.

आता प्रश्न प्रजेचा. या शिकारी माशांना समोरच्याचं कुळगोत्र लागत नाही. तो तोंडात मावतो का, एवढंच ते बघतात. मावला तर भक्ष्य, नाही मावला तर शेजारी. म्हणून सगळे एका मापाचे घ्यायचे आणि मजले वाटून द्यायचे: वर अरोवाना, मध्ये ऑस्कर, तळाशी रेडटेल कॅटफिश. हा अरोवाना मूळचा अ‍ॅमेझॉनकडचा, पाण्याबाहेर उसळी मारून फांदीवरचे किडे टिपणारा. त्यामुळे झाकणावर वहिनींचा पाटा ठेवलेला असतो. मिक्सर आल्यापासून बिचारा रिकामाच होता. ऑस्करला आपण मांडलेलं घर कधीच पसंत पडत नाही. तो तोंडात खडे भरून इकडचे तिकडे करतो आणि लावलेली झाडं उपटतो. रेडटेल दुकानात असतो बोटभर, मिशाळ आणि गोजिरा. तो मीटरभराच्याही पुढे वाढतो हे दुकानदार सांगत नाही, आणि सांगितलं तरी गिऱ्हाईक ऐकत नाही. स्वारी रात्री जागी. सकाळी हजेरी घ्यावी तर एखादा गैरहजर आणि रेडटेलचं पोट टम्म.

दंड धरणारा नसेल तर मत्स्यन्याय माजतो, असं कौटिल्य सांगून गेला. स्नेह्यांचा दंड म्हणजे एक लांब चिमटा आणि त्यात सोललेली कोळंबी. पोटं भरलेली असली की राज्यात शांतता. त्यामुळे त्या घरात श्रावण फक्त माणसं पाळतात. ओट्याच्या एका टोकाला वहिनी घेवडा निवडतात, दुसऱ्या टोकाला हे कोळंबीचा काळा दोरा काढत असतात. वहिनी बोलत काहीच नाहीत, पण घेवड्याच्या शेंगा जरा जोरात मोडतात.

प्रजा खाते आणि पाण्यात अमोनिया सोडते. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ते नायट्रेट मात्र राजानं स्वतः उपसायचं. दर रविवारी पाव टँक पाणी काढायचं, आणि क्लोरीन उडावा म्हणून नळाचं पाणी आदल्या दिवशीच पिंपांत भरून ठेवायचं.

राज्य झेपेनासं झालेले काही राजे रात्री गुपचूप एखादं तळं गाठतात. २०२३ साली श्रीनगरच्या दल सरोवरात उत्तर अमेरिकेतला अ‍ॅलिगेटर गार सापडला; तो काही तिथवर पोहत आला नसणार. स्नेही असलं पाप करणार नाहीत. रेडटेलला वळताना काच लागू लागल्यापासून ते सोसायटीच्या मागच्या अंगणात हौद बांधू द्याल का म्हणून सेक्रेटरींना गाठताहेत, आणि सेक्रेटरी जिन्यानं जाताहेत.

कौटिल्यानं राजाच्या दिवसाचे आठ आणि रात्रीचे आठ भाग पाडून जमाखर्च, लोकांची गाऱ्हाणी, हेर, झोप अशी सगळी सोय लावून दिली आहे. जिवाणू मरू नयेत म्हणून फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्याच पाण्यात, हलक्या हातानं धुवायचा असतो. त्याला मात्र वेळ ठेवायची राहून गेली. स्नेही ती झोपेच्या खात्यातून काढतात.