रिझल्ट काय?

गुडगावजवळच्या मानेसरमध्ये दोन माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला ‘रिझल्ट’ येतो. सुपरवायझरला शिफ्टचा हवा, शेअरवाल्याला तिमाहीचा. तिमाहीचा बरा, ठरल्या वेळेला येतो, उशीर झाला तर सेबी कान धरते.

कोर्टाच्या रिझल्टचा कान धरायला कुणी नाही. १८ जुलै २०१२ रोजी मारुती सुझुकीच्या इथल्या कारखान्यात हाणामारी, जाळपोळ झाली आणि एचआरचे महाव्यवस्थापक अवनीश कुमार देव यांचा जीव गेला. असल्या गुन्ह्याला शिक्षा व्हायलाच हवी, त्यात वाद नाही. खटला मात्र १४८ कामगारांवर चालला. कंपनीने महिनाभर टाळेबंदी केली, साडेपाचशेच्या आसपास कायम कामगार घरी पाठवले. त्या आर्थिक वर्षाचा रिझल्ट एप्रिल २०१३ मध्ये लागला : निव्वळ नफा २,३९२ कोटी.

पुढच्याच महिन्यात पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने जामीन फेटाळला. कारणांमध्ये एक असंही, की कामगारांच्या अशांततेला घाबरून परदेशी गुंतवणूकदार इथे पैसा लावणार नाहीत. आरोप सिद्ध व्हायचा होता, गुंतवणुकीवरचा परिणाम मात्र सिद्ध झालेला! जामीन देताना आरोपीचं वागणं बघतात, पुराव्याला हात लावेल का ते बघतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. परकीय चलनाचंही बघतात, ही माहिती नवी.

जाळपोळीला साडेचार वर्षं उलटून गेली. मधल्या काळात गुडगावचं गुरुग्राम करून झालं. नाव बदलायला सरकारला साक्षीदार लागत नाहीत. १० मार्च २०१७ रोजी सत्र न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरवलं आणि ११७ जणांना निर्दोष सोडलं. आठवड्याने १३ जणांना जन्मठेप झाली. तपास यंत्रणेचे मार्क काढले तर शंभरात एकवीस. आमच्याकडे दहावीच्या पोराला इतक्यावर नापास करतात. इथे नापास झाले ते निर्दोष सुटलेले. त्यांच्यातल्या कित्येकांची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली, आणि ‘मारुती प्रकरणातला’ म्हटल्यावर दुसरा कारखाना दारात उभं करत नाही.

तिमाही निकाल त्यानंतरही वेळेवर येत राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये बडतर्फ कामगार मानेसरच्या तहसील कचेरीसमोर धरणं धरून बसले. मागणी बारा वर्षांपूर्वीचीच होती : कामावर परत घ्या.