जबड्याची रात्रपाळी

झोपेत कराकरा दात खाण्याच्या सवयीला दंतवैद्यकात ‘ब्रक्सिझम’ म्हणतात आणि तिचे वैशिष्ट्य असे, की ती ज्याला असते त्यालाच तिची खबर नसते. सकाळी जबडा आखडलेला असतो आणि कानशिले ठणकत असतात एवढेच त्याला कळते, साक्ष देण्याचे काम शेजारी झोपणाऱ्याकडे येते, आणि ती साक्ष बहुधा फेटाळली जाते. २०१८ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने निरोगी माणसात याला आजार न मानता वर्तन मानावे असे सुचवले. घरची मंडळी त्याला आधीपासूनच गैरवर्तन मानत आली आहेत.

वास्तविक स्वस्थ अवस्थेत, ओठ मिटलेले असतानाही, वरचे व खालचे दात एकमेकांना टेकत नाहीत. त्यांच्यात दोन-तीन मिलिमीटरचे अंतर राहते. साहेबांना हसून ‘हो सर’ म्हणताना किंवा सोसायटीच्या वार्षिक सभेत संयमाने बसताना मात्र हे अंतर नाहीसे होते आणि गालातला चर्वण-स्नायू, म्हणजे घास चावण्यासाठी असलेला जाड स्नायू, घासावाचूनच कामाला लागतो. हे जागेपणीचे दात आवळणे असून मानसिक ताणाशी त्याचे नाते बरेच स्पष्ट आहे. झोपेतले प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे: ते बहुतांशी हलक्या झोपेत, मेंदू क्षणभर अर्धवट जागा होतो त्या सुमारास घडते, आणि ताणाखेरीज कॉफी, तंबाखू, मद्य, इतकेच नव्हे तर नैराश्यावरील काही गोळ्याही त्याला हातभार लावतात. पूर्वी दोष वेड्यावाकड्या दातांच्या माथी मारून ते घासून जुळवले जात, आणि लहान मुलांच्या बाबतीत तो जंतांच्या माथी मारला जाई. जंतांवरचा आरोप घरोघरी अजून टिकून आहे, कारण ताणापेक्षा जंत परवडतात. त्यांना निदान औषध असते.

जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढे असल्यामुळे रुग्ण प्रथम कान तपासून घेतो, आणि कान निर्दोष ठरल्यावर नाइलाजाने दंतवैद्याकडे जातो. तेथे मिळणारे ‘नाइट गार्ड’, म्हणजे रात्री दातांवर चढवायचे ॲक्रिलिकचे आवरण, दात खाणे थांबवतेच असे नाही. ते दातांऐवजी स्वतः झिजते. सोबत ‘ताण घेऊ नका’ हा सल्ला विनामूल्य मिळतो, आणि तो रुग्णाने आ वासलेला असताना दिला जात असल्याने त्या वेळी तरी त्याचे दात एकमेकांपासून दूर असतात. ते आवळले जातात बिल हाती आल्यावर.